चलन कोणते आणि सराफ कोण? : परदेशातील देण्याच्या एका प्रश्नाचा ऐतिहासिक विचार

१

परदेशातील दुकानात, उपाहारगृहात किंवा एखाद्या ए.टी.एम.समोर भारतीय बँकेचे कार्ड पुढे केले असता यंत्राच्या पडद्यावर पुष्कळदा एक प्रश्न उमटतो : देणे स्थानिक चलनात द्यावयाचे, की रुपयांत? प्रश्न सौजन्याने विचारलेला असतो आणि उत्तराला काही क्षणांचाच अवकाश असतो. रुपया हे आपले, नित्य परिचयाचे चलन. म्हणून अनेक जण सहजगत्या रुपयांचा पर्याय स्वीकारतात आणि त्यापायी बहुतेक वेळा त्यांना अधिक पैसे मोजावे लागतात. असे का घडते याचे आर्थिक स्पष्टीकरण फारसे कठीण नाही. परंतु या प्रश्नामागे दीर्घ इतिहास आहे, आणि तो प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो त्या शब्दांनाही त्या इतिहासात स्थान आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करावयाचा आहे.

लेखाचे प्रतिपाद्य आरंभीच सांगणे बरे. हा प्रश्न वरकरणी चलनाचा दिसतो. वस्तुतः तो सराफाचा आहे. ग्राहकाच्या खात्यात रुपये आहेत आणि दुकानदाराला युरो हवे आहेत; तेव्हा रुपयांचे युरो कोठे तरी व्हावेच लागतात. ते दुकानाच्या बाजूने व्हावेत की ग्राहकाच्या बँकेच्या बाजूने, एवढेच त्या उत्तराने ठरते. ज्याच्या हाती नाणे बदलण्याचे काम, त्याच्या हाती बट्टा, हा नियम पुरातन आहे. नवे आहे ते इतकेच, की सराफ नेमण्याचा हा प्रसंग चलन निवडण्याचा प्रसंग म्हणून ग्राहकापुढे मांडला जातो.

२

या विषयाची मराठी परिभाषा पाहिली असता आपल्या समाजाला हा प्रश्न किती जुन्या काळापासून परिचित होता हे ध्यानात येते. ‘सराफ’ हा शब्द आज सोन्याचांदीच्या व्यापाऱ्याला लावला जातो. परंतु मूळ अरबी शब्दाचा अर्थ नाणी पारखून बदलून देणारा, असा आहे. ‘बट्टा’ म्हणजे एका नाण्याचे दुसरे नाणे करताना पडणारी तूट किंवा द्यावी लागणारी भर. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार याच व्यवहारातून आलेला आहे. पुरत्या किमतीने न चालणाऱ्या नाण्याची उपमा तेथे माणसाच्या लौकिकाला दिलेली आहे. ‘हुंडणावळ’ हा हुंडीच्या व्यवहारातील खर्चाचा शब्द. खुद्द ‘चलन’ हा शब्द चालण्याच्या क्रियेपासून झालेला आहे. जे चालते ते चलन. चालणे हा नाण्याच्या अंगचा गुण नसून समाजाने त्याला दिलेली मान्यता होय, हे सत्य त्या शब्दातच साठविलेले आहे.

अठराव्या शतकातील महाराष्ट्रात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे नाना प्रकारचे रुपये एकाच वेळी चालत असत. त्यांचे वजन व कस भिन्न असल्यामुळे देणे किती, या प्रश्नाच्या बरोबरीने देणे कोणत्या रुपयांत, हा प्रश्न नेहमी उपस्थित होई. मागणी एका नाण्यात असून भरणा दुसऱ्या नाण्यात झाला, तर बट्ट्याचा हिशेब करावा लागे. नाण्याची निवड ज्याच्या हाती, त्याच्या पदरात लाभ पडे. सारा भरणाऱ्या रयतेच्या हाती ती क्वचितच असे.

बंगालमधील उदाहरण याहूनही बोलके आहे. तेथे नव्या सालाच्या रुपयाला ‘सिक्का’ म्हणत. जमाखर्चापुरत्या मानलेल्या एका काल्पनिक रुपयाच्या मापाने असे शंभर सिक्के ११६ रुपयांच्या बरोबरीचे धरले जात. परंतु नाण्यावरील राज्यवर्ष जुने होताच त्याच चांदीची किंमत उतरू लागे आणि थोड्याच वर्षांत ती १११ वर येई. वजन तेच, कस तोच. नाण्यावरील सालाचा आकडा तेवढा जुना. या उताराचा लाभ सराफांना मिळे. सर जेम्स स्टुअर्ट या अर्थशास्त्रज्ञाने १७७२ मध्ये बंगालच्या नाण्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य दिसून येते. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने शाह आलमचे १९ हे एकच राज्यवर्ष सर्व नव्या नाण्यांवर कायम केले. नाणे कोणत्याही वर्षी पाडलेले असो, त्यावरील साल १९ हेच. काळाच्या नावाने घेतला जाणारा बट्टा अशा रीतीने, निदान तत्त्वतः, काळ गोठवून बंद करण्यात आला. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया कंपनीच्या सर्व मुलुखात सुरू झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात तरी एका रुपयाचा दुसऱ्या रुपयाशी चाललेला हा झगडा ओसरला.

संस्थानांत मात्र तो पुढेही राहिला, आणि मराठी भाषकांच्या एका मोठ्या समूहाला त्याचा अनुभव विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घ्यावा लागला. मराठवाडा हैदराबाद संस्थानात असताना तेथे निजामाचा हाली सिक्का आणि ब्रिटिश हिंदुस्थानचा कलदार रुपया अशी दोन नाणी ओळखीची होती. ‘हाली’ म्हणजे सांप्रतचे, चालू. ‘कलदार’ म्हणजे कळीच्या यंत्राने पाडलेले. स्थिरावलेल्या सरकारी प्रमाणाने शंभर कलदार रुपयांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली पडत. म्हणजे सात हाली बरोबर सहा कलदार. मुंबईला माल विकणाऱ्या मराठवाड्यातील व्यापाऱ्याला आपली रक्कम ‘रुपये’ एवढ्याच शब्दाने सांगून भागत नसे. कोणते रुपये हे सांगावेच लागे. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावरही काही वर्षे हाली सिक्का भारतीय रुपयाच्या जोडीने चालत होता.

या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सराफाच्या पेढीवर नाडले गेलेल्यांची संख्या थोडी नसावी. तथापि तिचा एक विशेष पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवला पाहिजे : तेथे सराफ सराफ म्हणूनच समोर बसलेला असे. त्याचा धंदा कोणता हे गिऱ्हाइकाला ठाऊक असे, बट्टा हा शब्द दोघांच्याही तोंडी असे, आणि दर पटला नाही तर शेजारच्या पेढीची पायरी चढता येत असे.

३

युरोपातही विनिमयाच्या दरात लाभ दडविण्याची विद्या जुनी आहे. मध्ययुगात चर्चने व्याज निषिद्ध मानले होते. चलनांचा विनिमय मात्र निषिद्ध नव्हता. इटालियन व्यापाऱ्यांनी यातून वाट काढली. फ्लॉरेन्समध्ये एका नाण्यात रक्कम द्यावयाची आणि काही महिन्यांनी दुसऱ्या शहरी दुसऱ्या नाण्यात ती परत घ्यावयाची, असा विनिमयपत्राचा व्यवहार त्यांनी रूढ केला. व्याज असे कोठेच लिहिलेले नसे. ते दोन दरांच्या फरकात सामावलेले असे. प्रातो येथील फ्रांचेस्को दातिनी हा व्यापारी १४१० मध्ये मृत्यू पावला. त्याच्या दप्तरात राहिलेल्या विपुल पत्रव्यवहारात व विनिमयपत्रांत ही पद्धती तपशिलाने पाहावयास मिळते. विनिमयाचा दर हे असे स्थान आहे की तेथे मोबदला घेता येतो आणि तरीही मोबदला घेतल्याचे दिसत नाही, हा धडा व्यापाराने तेव्हापासून गिरविलेला आहे.

प्रवाशांची गरज व्यापाऱ्यांपेक्षा निराळी होती. त्यांना लहान रकमा, अनेक गावी, ओळखीदेखीवाचून मिळावयास हव्या होत्या. काशीयात्रेला निघालेला आपल्याकडील यात्रेकरू हुंडी घेऊन निघे, त्याच जातीची ही गरज. लंडनमधील रॉबर्ट हेरीज या बँकव्यावसायिकाने १७७२ मध्ये युरोपातील अनेक शहरी वटतील अशा फिरत्या चिठ्ठ्या काढल्या. चिठ्ठी जेथे वटवावयाची तेथील लंडनवरील चालू दराने स्थानिक नाणे हाती पडे. १८७४ मध्ये टॉमस कुक यांच्या प्रवासकंपनीने अशाच चिठ्ठ्या आपल्या प्रवाशांसाठी सुरू केल्या. अमेरिकन एक्सप्रेस कंपनीचे अध्यक्ष जे. सी. फार्गो यांना १८९० मधील युरोपच्या प्रवासात पतपत्रे वटविण्याचा त्रास झाला. त्यानंतर १८९१ मध्ये कंपनीचे कर्मचारी मार्सेलस बेरी यांनी प्रवासी धनादेशाची योजना सिद्ध केली.

या प्रारंभीच्या धनादेशांचा एक विशेष आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. डॉलरच्या रकमेसोबत पौंड, फ्रँक, मार्क इत्यादी चलनांत किती रक्कम मिळेल हे धनादेशावरच छापलेले असे. आज हे अशक्यप्राय वाटते. तेव्हा ते शक्य होते, कारण प्रमुख चलने सोन्याशी बांधलेली होती. एका पौंडाला ४.८६६५ डॉलर हे प्रमाण दोन नाण्यांतील सोन्याच्या वजनावरून निघे आणि त्यात फार तर सोने वाहून नेण्याच्या खर्चाइतका चढउतार होई. हिंदुस्थानातही १८९९ पासून पंधरा रुपयांस एक पौंड हे प्रमाण स्थिरावलेले होते. अशा काळात देणे रुपयांत सांगितले काय अन् पौंडांत सांगितले काय, प्रवाशाला फारसा फरक पडत नसे. दर सर्वांना ठाऊक असला म्हणजे चलनाच्या निवडीत लबाडीला जागा उरत नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि ही व्यवस्था मोडली. दोन युद्धांमधील काळात ती पुन्हा उभारण्याचे प्रयत्न झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स करारानुसार प्रमुख चलने डॉलरशी आणि डॉलर सोन्याशी बांधला गेला. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलर सोन्यात बदलून देणे थांबविले आणि १९७३ पासून प्रमुख चलने एकमेकांच्या तुलनेत मोकळेपणाने वरखाली होऊ लागली. नेमक्या याच सुमारास एक नवे साधन देशोदेशी पसरत होते.

४

ते साधन म्हणजे कार्ड. १९५० मध्ये न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब स्थापन झाला. सप्टेंबर १९५८ मध्ये बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो या शहरी बँक-अमेरिकार्ड सुरू केले. पुढे त्याचा परवाना इतर बँकांना व परदेशांतही देण्यात आला आणि १९७६ मध्ये त्याला व्हिसा हे नाव मिळाले. १९६६ मध्ये इतर काही बँकांनी मिळून उभारलेल्या प्रतिस्पर्धी संघटनेच्या कार्डाचे नाव १९७९ मध्ये मास्टरकार्ड असे झाले. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आपले क्रेडिट कार्ड काढले.

परदेशात कार्डाने पैसे दिले असता मूळ पद्धती अशी होती, आणि अजूनही आहे. दुकानदार आपल्या देशाच्या चलनात रक्कम मागतो. ती मागणी त्याच्या बँकेकडून व्हिसा किंवा मास्टरकार्ड यांसारख्या संघटनेकडे जाते. संघटना आपल्या दराने तिचे ग्राहकाच्या चलनात रूपांतर करते. हा दर घाऊक विनिमयबाजारातील दरांच्या जवळ असतो. त्यावर ग्राहकाची बँक आपला अधिभार चढविते आणि अंतिम रक्कम खात्यावर नोंदते. अशा रीतीने येथे सराफी ग्राहकाच्या बाजूने होते. प्रवाशाला आता पेढीवर जावे लागत नाही. परंतु आपण नेमके किती रुपये दिले हे त्याला त्या क्षणी कळतही नाही. कागदी पावत्या टपालाने जात त्या काळी तर महिन्याचा हिशेब घरी येईपर्यंत वाट पाहावी लागे, आणि चलने रोज वरखाली होत असल्यामुळे आधी अंदाज बांधणेही अवघड असे.

हे सराफ निर्दोष होते असे समजण्याचे कारण नाही. रूपांतराच्या दरात साधारण एक टक्का भर घातला जातो आणि ग्राहकाला तो उघडपणे सांगितला जात नाही, अशा तक्रारीवरून अमेरिकेत व्हिसा, मास्टरकार्ड व अनेक मोठ्या बँका यांच्याविरुद्ध दावे झाले. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयापुढे एकत्र करण्यात आलेल्या दाव्यांत २००६ मध्ये ३३ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड झाली. सारांश, विनिमयाच्या दरात मोबदला मिसळून टाकण्याची दातिनीच्या काळातील विद्या कार्डाच्या युगातही विस्मरणात गेलेली नव्हती.

५

ग्राहकाला त्या क्षणी रक्कम कळत नाही, ही जी उणीव होती तिच्यातूनच एक नवा धंदा जन्माला आला. कार्डाच्या क्रमांकाचे आरंभीचे सहा किंवा आठ अंक ते कार्ड कोणत्या बँकेने काढले हे दर्शवितात. त्यावरून कार्डधारकाचे चलनही ओळखता येते. दुकानातील यंत्राला ही माहिती मिळाली की तेथल्या तेथे रूपांतर करून ग्राहकापुढे त्याच्या मायदेशाच्या चलनातील आकडा ठेवता येतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात अशी सेवा व्यापारी पायावर पुरविण्यास सुरुवात झाली; आयर्लंडमधील फेक्सको ही कंपनी या क्षेत्रातील आरंभीच्या कंपन्यांपैकी एक होय. इंग्रजीत या पद्धतीला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. आपण येथे तिला ‘दुकानातील रूपांतर’ म्हणू, कारण तिचे मर्म वेगात नसून स्थानात आहे. सराफी ग्राहकाच्या बँकेकडून निघून दुकानाच्या बाजूला आली, हा तो फरक.

या व्यवस्थेत दर ठरवितो तो दुकानदाराची बँक किंवा तिच्या वतीने काम करणारी कंपनी. घाऊक दरावर चढविलेल्या रकमेतून दुकानदारालाही वाटा मिळतो; म्हणून ग्राहकाने आपल्या चलनाचा पर्याय घ्यावा यात विक्रेत्याचा स्वतःचा स्वार्थ असतो. प्रारंभी कित्येक ठिकाणी ग्राहकाला न विचारताच असे रूपांतर केले जाई. पुढे कार्डसंघटनांनी नियम करून ग्राहकाची संमती आवश्यक ठरविली. पडद्यावरील प्रश्नाचा उगम येथे आहे. तो प्रश्न ग्राहकाच्या संरक्षणासाठी आला. परंतु प्रश्न मांडण्याचे काम मात्र ज्याला एका विशिष्ट उत्तरात लाभ आहे त्याच्याच हाती राहिले.

हिशेबाचे एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, निवासाचे देणे ३०० युरो आहे आणि त्या दिवशीचा घाऊक दर, गणिताच्या सोयीसाठी, एका युरोस १०० रुपये आहे. ग्राहकाने युरोचा पर्याय घेतला आणि त्याच्या बँकेने ३.५ टक्के अधिभार लावला तर खात्यावर ३१,०५० रुपये पडतील. त्याने रुपयांचा पर्याय घेतला आणि दुकानाचा दर १०७ रुपये असला तर ३२,१०० रुपये पडतील. येथेच १,०५० रुपयांचे अंतर पडले. शिवाय काही भारतीय बँका परदेशातील दुकानाने रुपयांत केलेल्या मागणीवरही स्वतंत्र आकार घेतात. तो एक टक्का धरला तरी आणखी ३२१ रुपयांची भर पडते. रुपयांत देणे दिले म्हणजे परकीय विनिमयाचा आकार टळला, ही समजूत अशा कार्डाच्या बाबतीत खोटी ठरते.

न्यायबुद्धीने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुकानातील रूपांतरात रक्कम तेथल्या तेथे निश्चित होते. कार्यालयाला हिशेब सादर करणाऱ्या प्रवाशाला याची सोय वाटू शकते. ग्राहकाच्या बँकेचा अधिभार फार जड असेल आणि दुकानाची चढती रक्कम अल्प असेल, तर रुपयांचा पर्याय क्वचित् स्वस्तही पडू शकेल. उलट ज्या कार्डांवर बँकेचा अधिभारच नाही, त्यांच्या धारकाने रुपयांचा पर्याय घेणे म्हणजे हातचा लाभ सोडून देणे होय. दोन्ही बाजूंचे दर समोर असल्याशिवाय निर्णय डोळसपणे होऊ शकत नाही, आणि यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाला बहुधा एकाच बाजूचा दर दिसत असतो.

६

आता प्रश्नाच्या भाषेकडे वळू. प्रत्येक प्रश्न काही गोष्टी गृहीत धरून विचारला जातो. ‘आपण चहा घेणार की कॉफी?’ या प्रश्नात दोन पेये आहेत आणि ती परस्परांहून भिन्न आहेत, हे गृहीत आहे. ‘युरो की रुपये?’ या प्रश्नाची घडण अगदी तशीच आहे. त्यामुळे ऐकणारा असे समजतो की युरो निवडले तर युरो जातील आणि रुपये निवडले तर रुपये जातील. वास्तविक दोन्ही वेळा त्याचे रुपयेच जातात आणि दुकानदाराला अंती त्याच्या देशाचे चलनच मिळते. म्हणजे प्रश्नात जो भेद दाखविला आहे तो व्यवहारात नाही. आणि व्यवहारात जो भेद आहे, म्हणजे रूपांतर कोणी करावे हा, तो प्रश्नात नाही. असत्य असा एकही शब्द न वापरता असत्य समजूत निर्माण होऊ शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट शब्दांच्या छटांची. ‘आपल्या स्वतःच्या चलनात द्या’, ‘दराची हमी’ असे शब्द एका पर्यायाच्या बाजूला असतात. ‘आपले’ या सर्वनामात आपुलकी आहे आणि ‘हमी’ या शब्दात आश्वासन आहे. दर हमीचा आहे हे खरे. परंतु तो चांगला आहे अशी हमी कोणी दिलेली नसते. याच्या उलट स्थानिक चलनाच्या पर्यायाला ‘रूपांतराशिवाय’ असे नकारार्थी नाव दिलेले आढळते. ए.टी.एम.वर तर ‘रूपांतर स्वीकारा’ आणि ‘रूपांतर नाकारा’ असे दोन पर्याय पुष्कळदा येतात. नाकारले तर पैसेच मिळणार नाहीत, अशी भीती परमुलुखात उभ्या असलेल्या माणसाला वाटली तर नवल नाही. नाकारल्यावरही पैसे मिळतात आणि रूपांतर होतेच, फक्त ते त्याच्या बँकेकडून होते, हे त्या शब्दांत कोठेच सांगितलेले नसते.

येथे जुन्या परिभाषेशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. पेढीवरच्या व्यवहारात ‘बट्टा’ हा शब्द उघडपणे उच्चारला जाई. नव्या यंत्राच्या पडद्यावर त्या शब्दाला समानार्थी असा शब्द पुष्कळदा नसतोच; असतो तो केवळ दर. ज्या गोष्टीला नाव असते तिच्याबद्दल घासाघीस करता येते. बिननावी राहिलेल्या गोष्टीबद्दल प्रश्न विचारणेही कठीण होते. शब्द गेला म्हणून बट्टा गेला नाही, तो दृष्टीआड झाला.

७

हा दृष्टीआड झालेला बट्टा पुन्हा नाव देऊन पुढे आणण्याचा सर्वांत उल्लेखनीय प्रयत्न युरोपीय संघाने केलेला आहे. त्याची पार्श्वभूमी पाहताना युरोच्या जन्माची हकीकत उपयोगी पडते. १ जानेवारी १९९९ रोजी युरो अस्तित्वात आला, पण त्याच्या नोटा व नाणी १ जानेवारी २००२ पासून मिळू लागली. मधल्या तीन वर्षांत ‘सक्ती नाही, बंदी नाही’ हे सूत्र होते. खात्यामार्फत देणे देणाऱ्याला ते युरोत किंवा आपल्या जुन्या राष्ट्रीय चलनात देता येत असे. म्हणजे चलनाची निवड तेथेही होती. परंतु एका युरोस ६.५५९५७ फ्रेंच फ्रँक, १.९५५८३ जर्मन मार्क, १,९३६.२७ इटालियन लिरा, असे दर सहा अंकांपर्यंत कायद्याने कायमचे ठरविलेले होते आणि ते दर गोळाबेरीज करून सोपे करण्यासही मनाई होती. त्यामुळे कोणतेही चलन निवडले तरी कोणाचाही लाभ वा हानी नव्हती. निवड खऱ्या अर्थाने सोयीची होती, कारण तिच्यातून दर ठरविण्याचा अधिकार कोणाकडेच जात नव्हता. कंपनीने बंगालच्या नाण्यावर १९ चा आकडा कायम केला त्यामागचे तत्त्व याहून फार निराळे नव्हते.

युरोच्या बाहेर राहिलेल्या चलनांच्या बाबतीत मात्र प्रश्न शिल्लक होता. १९ मार्च २०१९ च्या युरोपीय नियमनाने (क्रमांक २०१९/५१८) असे ठरविले की दुकानात किंवा ए.टी.एम.वर रूपांतर करणाऱ्याने आपला एकूण आकार युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ताज्या संदर्भदरावर किती टक्के चढता आहे, हे व्यवहारापूर्वीच सांगावे. आणि ग्राहकाच्या बँकेनेही आपला आकार त्याच मापाने जाहीर करावा. हे बंधन एप्रिल २०२० पासून लागू झाले. या नियमनाची खुबी अशी की त्याने दर ठरवून दिला नाही. माप ठरवून दिले. दोन सराफ एकाच गजाने मोजता येऊ लागले. पेढीवर उच्चारला जाणारा बट्टा टक्क्यांच्या रूपाने पडद्यावर परत आला.

तथापि या नियमनाच्या व्याख्येनुसार पैसे देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशा दोन्ही बँका संघाच्या सदस्य देशांत असाव्या लागतात. भारतीय बँकेचे कार्ड घेऊन पॅरिसला किंवा प्रागला गेलेला प्रवासी त्या कक्षेत येत नाही. त्याला कार्डसंघटनांच्या नियमांचे संरक्षण आहे, म्हणजे निवड विचारली जावी आणि दोन्ही रकमा दाखविल्या जाव्यात एवढे. दोन्ही सराफांना एकाच मापाने मोजून दाखविण्याची हमी मात्र त्याला नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी, प्रथमच विमानात बसलेले वृद्ध आईवडील, कंपनीच्या कामावर गेलेला कामगार, अशांना ही उणीव विशेष जाणवावी. रक्कम प्रत्येक वेळी लहान असते, म्हणून तक्रार होत नाही. आणि तक्रार होत नाही, म्हणून रीत चालू राहते.

८

या विवेचनातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. सामान्यतः परदेशात असताना देणे त्या देशाच्या चलनात द्यावे, म्हणजे सराफी आपल्या बँकेकडे राहते. तिचा अधिभार निघण्यापूर्वी विचारून घेता येतो आणि तो न पटल्यास दुसऱ्या बँकेचे कार्ड घेता येते. शेजारच्या पेढीची पायरी चढण्याचे जे स्वातंत्र्य जुन्या बाजारात होते, ते आज घरून निघण्यापूर्वीच वापरावे लागते. यंत्रासमोर ते उरत नाही.

अभ्यासकाच्या दृष्टीने निष्कर्ष याहून व्यापक आहे. नाण्यांच्या इतिहासात आपण धातू, वजन, कस व टांकसाळी यांकडे लक्ष देतो; तितकेच लक्ष दर कोण ठरवितो आणि तो कोणत्या शब्दांत सांगितला जातो याकडे दिले पाहिजे. बंगालच्या सिक्क्याचे साल, दातिनीचे विनिमयपत्र, १८९१ च्या धनादेशावरील छापील रकमा आणि आजच्या यंत्रावरील दोन कळी, या एकाच इतिहासातील पायऱ्या आहेत. जेथे दर सर्वज्ञात व स्थिर होता तेथे चलनाची निवड निरुपद्रवी ठरली. जेथे तो विचारणाऱ्याच्या हाती राहिला तेथे निवड हेच बट्टा घेण्याचे साधन झाले. संमती घेतली गेली एवढ्यावरून व्यवहार न्याय्य ठरत नाही; ज्या गोष्टीला संमती दिली ती प्रश्नात सांगितलेली असावी लागते. यंत्राने ‘युरो की रुपये’ असे न विचारता ‘रूपांतर आम्ही करू, की तुमची बँक करील? आमचा आकार इतके टक्के आहे’ असे विचारले, तर प्रश्न चार शब्दांनी लांबेल खरा. पण उत्तर देणाऱ्याला आपण कशाचे उत्तर देत आहो हे कळेल.